एकटीची खोली, तिघींची खोली

आजारातून उठलेल्या माणसांचे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत सगळे लढतात. कुणी आजाराला हरवतं, कुणी त्याच्याशी मैत्री करतं, कुणाला त्यातून जगण्याचा अर्थ सापडतो. मला काही सापडलं नाही. मी लढलेही नाही. त्या दिवसांत मला वेणी घालायचं जिवावर यायचं, लढणार काय कपाळ! मी आजारी पडले आणि बरी झाले. बरं होण्यात माझा वाटा फार थोडा. गोळ्यांचा होता, आणि दोन अशा मुलींचा होता ज्यांच्याशी मी एरवी बोललेही नसते.

हे लिहितेय कारण माझ्या ओळखीची एक कॉलेजातली मुलगी सध्या याच आजारात आहे, आणि तिच्याभोवती तीच शहाणी माणसं जमली आहेत. चेहरे नवे, उपदेश जुने.

वरची खोली

मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी केळी आणि कापूस. वडिलांना आम्ही आबा म्हणतो, आईला माय. चोपड्याला बी.एस्सी. चांगल्या मार्कांनी झाले आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला जळगावला आले. नव्वदीची सुरुवात होती. गावातली एखादी मुलगी एवढं शिकायला बाहेर राहते हे आधी घडलं नव्हतं. निघताना गावाने इतके आशीर्वाद दिले, की ते वाहून आणतानाच मी दमले.

हॉस्टेलवर माझ्या खोलीत आणखी दोघी होत्या. रेखा भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, वडील गार्ड. ती अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायची आणि पुस्तक उघडलं की सिनेमाचं गाणं म्हणायची. कुसुम पिंपळनेरकडची, वडील प्राथमिक शिक्षक. तिला जगातल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी. कुठे चाललीस, कोण आलं होतं, डब्यात काय आलं, आईला गुडघ्याचा त्रास आहे तर डावा की उजवा. दोघींनाही पास होण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. मला त्या बावळट वाटायच्या. खरं सांगायचं तर अजूनही थोड्या वाटतात.

मी रेक्टर मॅडमना सांगितलं की मला अभ्यासाला शांतता हवी. त्या खूश झाल्या. "हुशार मुलींना एकांत लागतोच," म्हणाल्या, आणि गच्चीजवळची एक रिकामी खोली मला दिली. शेजारी पाण्याची टाकी, समोर बंद दार. पुढे कुणी पाहुणे आले की मॅडम बोट वर करून सांगायच्या, "आमची मंदा तिथे अभ्यास करते." देवळाचा कळस दाखवावा तसं.

तिथे मी अभ्यास केला. मग नुसतीच बसून राहिले. मग पडून राहू लागले. हे कधी कसं झालं ते मला सांगता येत नाही, आणि जे नेमकं सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. दुःख झालं असतं तर कळलं तरी असतं. इथे काहीच होत नव्हतं. मेसमध्ये जायचं तर जिना उतरावा लागे, कुणाशी तरी बोलावं लागे, म्हणून मी जेवण सोडलं. प्रयोगशाळेत हातातलं चंचुपात्र धुवायचं की त्यात काही ओतायचं हे आठवेना, म्हणून प्रयोगशाळा सोडली. डोकं धुतलं नाही. आणि हळूहळू मला असं पटत गेलं की मी नसले तर सगळ्यांचंच सोपं होईल. त्यात रडारड नव्हती. दोन अधिक दोन चार, इतकं ते मला सरळ वाटत होतं, आणि आज त्याचीच जास्त भीती वाटते.

सल्लागार

अशा वेळी माणसं धावून येतात. धावून येऊन काय करतात ते सांगते.

आमचे एक प्राध्यापक म्हणाले, "मुलींनी विज्ञानाला यावंच कशाला? मेंदूवर ताण येतो." हे गृहस्थ पिवळ्या पडलेल्या कागदांवरून आम्हाला शिकवायचे. त्यांच्या स्वतःच्या मेंदूवर कसला ताण आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

रेक्टर मॅडम दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मन खंबीर कर. सकाळी लवकर उठ, गार पाण्याने आंघोळ कर." खोलीत पाय ठेवला नाही. आजार लागेल अशी भीती असावी. उलट मला आणखी विश्रांती मिळावी म्हणून त्यांनी मुलींना ताकीद दिली, वर जायचं नाही, तिला त्रास द्यायचा नाही. म्हणजे जी काही चार माणसं जिना चढून आली असती त्यांचाही बंदोबस्त झाला.

आबा येऊन मला घरी घेऊन गेले. मायने मीठमोहऱ्या ओवाळल्या. "काबरं अशी करस वं? तुले काय कमी शे?" ती विचारायची. "बठ्ठं शे ना घरमा!" घरात सगळं होतंच. ती माझी आई होती, तिच्यावर रागवायचं त्राण मला नव्हतं. पण गावातल्या बायका रोज बघायला यायच्या आणि ओट्यावरच, मला ऐकू जाईल अशा आवाजात, एकमेकींना सांगायच्या की पोरगी जास्त शिकली, म्हणून लागट झालं, बाहेरचं काही लागलं. शेजारच्या गावचा भगत येऊन गेला. त्याने लिंबू कापलं आणि कोंबडा मागितला. त्याने निदान आपल्याला काय हवं ते उघड सांगितलं, एवढंच त्याच्या बाजूने बोलता येईल.

धुळे

जळगावात डॉक्टर नव्हते असं नाही. पण तिथे ओळखीचे भेटतात. पोरगी डोक्याच्या डॉक्टरकडे नेली हे कळलं तर स्थळं यायची बंद होतील, असा आबांचा विचार. म्हणून आम्ही एस.टी.ने धुळ्याला गेलो, तिथल्या मोठ्या दवाखान्यात.

डॉक्टर जाडे होते, पान खायचे आणि बोलताना पेनाने कान खाजवायचे. माझ्याकडे नीट बघितलंही नाही. मला वाटलं, हा आणखी एक. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. मग म्हणाले, "जेवायला कुणाबरोबर बसतेस?"

मी म्हटलं, "कुणाबरोबर नाही."

"आणि दिवसभरात बोलतेस कुणाशी?"

मी आठवून पाहिलं. "कुणाशीच नाही."

"मरावंसं वाटतं का?"

इतका सरळ प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं. शेजारी आबा बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

डॉक्टर त्यांना म्हणाले, "हे डिप्रेशन आहे."

"टेन्शन?" आबा म्हणाले. "टेन्शन तर समदानलेच ऱ्हास, डॉक्टरसाहेब."

"टेन्शन नाही. डिप्रेशन. हा आजार आहे, नाटक नाही. औषध लागेल, आणि काही दिवस इथे ठेवावं लागेल. असं वाटत असताना तिला एकटीला सोडायचं नाही."

"येड्यांच्या वॉर्डात?"

"आजाऱ्यांच्या," डॉक्टर म्हणाले आणि उठून पिंक टाकायला गेले. मला हा माणूस मुळीच आवडला नाही. पण कामाचे प्रश्न त्याने एकट्याने विचारले.

वॉर्डातला दिवस म्हणजे गोळी, चहा, फरशी पुसणं, गोळी, डाळभात, पंख्याची घरघर, गोळी. पहिल्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं आणि हात कापायचे, गुण मात्र दिसेना. गोळ्या काम करायला आठवडे घेतात हे मला नर्सने सांगितलं. माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर लक्षात ठेवा, पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही म्हणून गोळ्या फेकू नका.

आबा बाहेरच्या बाकावर बसून असायचे. धुळ्यात माझी मावशी राहते. तिला त्यांनी सांगितलं की पोटाचं दुखणं आहे. ती बिचारी रोज पातळ मुगाची खिचडी पाठवायची. पण मावशीचे यजमान, आप्पा, एक दिवस स्वतःच डबा घेऊन आले आणि वॉर्डावरची पाटी वाचली. मग काय विचारता. खुर्ची ओढून बसले. "आम्ही कंदिलात शिकलो, पाय पोळत शाळेत गेलो, आम्हाला नाही झालं डिप्रेशन," म्हणाले. आप्पा मॅट्रिकला दोनदा नापास झाले होते, हे मला माहीत होतं. ते उठताना आबांना म्हणाले, "पाटील, हे झाकून ठेवा. आणि बरी झाली की पहिल्या स्थळाला उजवून टाका." आबा नुसती मान हलवत राहिले. कधी नव्हे ते मला आबांची कीव आली. मला जसं कुणाशी बोलता येत नव्हतं, तसंच त्यांनाही येत नव्हतं.

कुसुमचं नाक

कुसुम सुट्टीला पिंपळनेरला जाताना धुळ्याला गाडी बदलायची. अशाच एका दोन दिवसांच्या सुट्टीत स्टँडवर तिला आबा दिसले, हातात थर्मास घेऊन चहाच्या टपरीपुढे उभे. दुसरी कुणी असती तर नमस्कार करून पुढे गेली असती. कुसुमने चौकशी केली. आबांनी पोटाचं सांगितलं.

"मग कुठल्या दवाखान्यात? कुठला वॉर्ड? ऑपरेशन आहे का? मी येते ना बघायला."

"नको, ती झोपेल शे."

"मी बसते मग ती उठेपर्यंत."

आबांना खोटं रेटता येत नाही. ती त्यांच्यामागे चालत थेट माझ्या खाटेशी आली, पाटी वाचून, सगळं समजून. मी भिंतीकडे तोंड केलं. तिने "कशी आहेस" विचारलं नाही. मावशीचा डबा उघडला आणि म्हणाली, "शी! ही खिचडी कोण खातं?" मग स्वतःच अर्धी खाल्ली, वर लोणचं मागितलं, आणि अमकीचा साखरपुडा मोडला, तमकीने रेक्टर मॅडमची नक्कल केली ती मॅडमनीच मागून ऐकली, असं काहीबाही सांगत बसली. गाडी चुकेल म्हणून शेवटी आबांनीच तिला उठवलं.

पुढच्या रविवारी ती रेखाला घेऊन आली. जळगावहून धुळ्यापर्यंत, नुसत्या गप्पा मारायला! रेखाने माझी उशी घेतली, पाय वर घेऊन माझ्याच खाटेवर बसली आणि म्हणाली, "यार, तू इकडे आराम करून राहिली, तिकडे सेमिनार कोण देणार? तुझा बाप?" आबा दारात उभे होते. जीभ चावून म्हणाली, "सॉरी काका."

मला राग आला. त्यांच्या आवाजाचा, खिदळण्याचा, माझ्या खाटेवर सांडलेल्या फरसाणाचा. "जा तुम्ही," मी ओरडले. "डोकं उठलंय माझं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग रेखा म्हणाली, "बोलली रे बाबा! आवाज आहे हिला." आणि पुन्हा सुरू झाल्या.

त्या गेल्यावर मला जाणवलं की मला राग आला होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं. त्या संध्याकाळी मी मावशीची खिचडी संपवली. आबांनी रिकामा डबा उलटा करून पाहिला.

ही माझ्यावर त्यांच्या प्रेमाची जादू वगैरे नाही. गोळ्यांचेही तोवर आठवडे भरत आले होते. पण कोणीतरी पुढच्या रविवारी येणार आहे आणि ते आपल्याला चिडवणार आहे, एवढ्यावर माणूस रविवारपर्यंत टिकू शकतो. मी टिकले. त्या मधल्या एका रविवारी, रेखा पाणी आणायला गेली असताना, मी कुसुमला सांगितलं की मला मरावंसं वाटत होतं. तिने पहिल्यांदाच काही विचारलं नाही. माझा हात धरून बसली. मग म्हणाली, "परत वाटलं की मला सांगायचं. मी जागी असो की नसो." असं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं तिला. तेवढं बोलून ती पुन्हा आपल्या वळणावर गेली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला किती मुलं आहेत ते विचारू लागली.

रेक्टर मॅडमची अब्रू

सुटी देताना डॉक्टर म्हणाले, कॉलेजला जाऊ दे, पण एकटीला राहू देऊ नका. आबांच्या मनात मला घरीच ठेवायचं होतं. मी म्हटलं, घरी ओट्यावरच्या बायका आहेत. ते त्यांना पटलं असावं.

जळगावला आम्ही रेक्टर मॅडमसमोर उभे राहिलो. त्यांना सगळं कळलं होतं. झाकून ठेवा म्हणणाऱ्या आप्पांचं तोंड लांबवर पोचत असे.

"पाटील, तुमची मुलगी हुशार आहे," मॅडम म्हणाल्या. "पण अशा मुलीची जबाबदारी आम्ही कशी घ्यावी? हॉस्टेलचं नाव आहे. उद्या काही झालं तर पेपरात येईल."

मी वर एकटी असताना पेपराची त्यांना काळजी नव्हती. मी ते बोलणार तेवढ्यात दार न वाजवता रेखा आत आली, मागे कुसुम.

"मॅडम, आमच्या खोलीत तिची जागा अजून रिकामी आहे. आम्ही बघू."

"तुम्ही काय बघणार? तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"जेवायला नेऊ, मॅडम," कुसुम म्हणाली. "डॉक्टरने तेच सांगितलंय."

"आणि बाकीच्या मुलींच्या पालकांना मी काय सांगू? की इथे वेडी मुलगी ठेवलीय?"

तोवर आबा खाली बघत होते. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. त्यांची घरची बोली ते कॉलेजच्या ऑफिसात कधी बोलत नसत, जपून, पुस्तकातलं मराठी बोलायचे. त्या दिवशी विसरले.

"मनी आंडेर येडी नही," ते म्हणाले. "आजारी व्हती. धुयाले दवाखानामा व्हती, डोकाना डॉक्टरकडे. कोनले इचारनं व्हई त्यानी माले इचारा, मी सांगसू. पन तुमीन तिले तठे वर येकली ठी, तव्हय कोनी पालकले नही सांगं?"

माझी लेक वेडी नाही, तुम्ही तिला वर एकटी ठेवलीत तेव्हा पालकांना का सांगितलं नाही, हे बाहेर व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. तिथे मुली उभ्या होत्या. ज्या गोष्टीसाठी ते मला धुळ्याला लपवून घेऊन गेले होते, ती त्यांनी अख्ख्या हॉस्टेलला ओरडून सांगितली.

मॅडमनी पुढ्यातलं रजिस्टर मिटलं. "बघते मी," म्हणाल्या. मोठी माणसं हरली की बघते म्हणतात. संध्याकाळी माझी ट्रंक खालच्या खोलीत होती.

तिघी

यापुढचं चित्र गोड आहे असं समजू नका. त्या दोघींबरोबर राहणं हा एक वेगळाच आजार होता. रेखा माझा टॉवेल वापरायची. गोळ्यांनी सवय लागते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तिने एकदा त्या लपवल्या. कुसुमने तिच्याशी कडाक्याचं भांडण करून त्या परत काढल्या. कुसुमने तर माझ्या आजाराची चौकशी मेसवाल्या काकूंपासून शिपायापर्यंत सगळ्यांकडे करून ठेवली होती. सगळ्या हॉस्टेलला माझ्या भुकेची बातमी असायची. "आज दोन पोळ्या खाल्ल्या का?" जिन्यात अनोळखी मुली विचारायच्या. मी दात ओठ खायची, आणि पोळ्याही.

परीक्षेच्या आधी आजार पुन्हा उलटला. उठवेना, पुस्तकातली अक्षरं नुसती किड्यांसारखी. मी कुसुमला सांगितलं, परत वाटतंय. तिने आबांना फोन करवला, रेखाने मला धुळ्याला नेलं, डॉक्टरांनी गोळी वाढवली. गाडीत रेखा अख्ख्या प्रवासभर बोलत होती. पारोळा गेल्यावर मी म्हटलं, "रेखा, जरा गप्प बस." ती म्हणाली, "नाही." बस्स, एवढंच. त्या "नाही"ला मी टेकून बसले.

परीक्षा दिली. दुसऱ्या वर्गात पास झाले. ज्यांनी मला पहिल्या वर्गाचे आशीर्वाद दिले होते त्यांची फार निराशा झाली. त्यांनी ती येऊन बोलून दाखवली.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगते. एकांत म्हणजे मोठेपणा, हे तुमच्या डोक्यात ज्यांनी घातलं त्यांना हाकलून द्या. सोबतीला समजूतदार, समविचारी, खोल माणसं भेटतील तेव्हा बोलू, म्हणून थांबू नका. तशी माणसं वेळेवर येत नाहीत. जी शेजारच्या खाटेवर आहेत, टॉवेल वापरणारी, त्यांच्याबरोबर जेवायला बसा. आणि तुम्ही शेजारच्या खाटेवरचे असाल तर उपदेश करू नका. डबा उघडा.

पाहुणे

एम.एस्सी. झाल्यानंतर उन्हाळ्यात एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरी बागायत, जीपमधून आले. शिरा झाला होता, भरपूर बेदाणे घालून. मुलाचा काका इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, "मुलगी मध्ये आजारी होती असं ऐकलं. पोटाचं होतं ना?"

त्याने पळवाट स्वतःच काढून दिली होती. माय दाराआडून आबांकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत प्राण आले होते. हो म्हणा, एवढंच.

"पोटाचं नाही," आबा म्हणाले. "मनाचा आजार होता. औषध चालू आहे. डॉक्टरांचं नाव पत्ता देतो, हवं तर विचारून या."

मग त्या काकाने घड्याळ पाहिलं. मुलाने माझ्याकडे पाहिलंही नाही, दारात जाऊन बुटाच्या नाड्या बांधायला लागला. उन्हं वाढतील, म्हणाले, आणि बशा तशाच ठेवून उठले. जीपची धूळ अंगणात पसरली.

माय पदर तोंडाला लावून रडू लागली. मला वाटलं, आता आबा खचतील. ते ओट्यावरून आत आले, पाहुण्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर मांडी घातली आणि पाहुण्यांच्या मुलाची भरलेली बशी पुढे ओढली.

"रडस काबरं?" ते मायला म्हणाले. "त्या लोकेसना घर ही गयी व्हती ना, तं परत आजारी पडती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बैठ वं. गार व्हई राहिना."

मी काकाची बशी घेतली. शिरा फार छान झाला होता.